विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे वाचन व लेखन

अरविंद घोष बडोदे कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक होते, त्या काळातील एक हकीकत त्यांनी पुढे पुष्कळ वर्षांनी पाँडिचेरीस आपल्या साधकांना सांगितली आहे. साउदी या इंग्रज ग्रंथकाराने लिहिलेले नेल्सनचे चरित्र ते वर्गात शिकवीत होते. त्यांचे विवेचन छापील टिपणांशी जुळत नाही, अशी विद्यार्थ्यांची तक्रार आली. त्यावर अरविंदबाबूंनी उत्तर दिले की, ती टिपणे आपण वाचलेलीच नाहीत आणि तसल्या टिपणांतील बहुतेक मजकूर टाकाऊ असतो. अध्यापकाच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द विद्यार्थी उतरवून घेतात आणि मग तो घोकतात, याचेही केंब्रिजहून आलेल्या त्या तरुण अध्यापकास मोठे नवल वाटले होते.

अरविंदबाबूंनी १९०६ साली बडोदे सोडले. कॉलेजची ती घुमटाची इमारत मात्र जागच्या जागी आहे. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ती त्या विद्यापीठाच्या कलाशाखेकडे आली. टिपणेही जागच्या जागी आहेत. पूर्वी ती दुकानातून विकत आणावी लागत, आता हातातल्या यंत्रावर फुकट उतरतात, एवढाच काय तो फरक.

आम्ही शाळेत शिकविणारे. विद्यापीठातील अध्ययनाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार नाही, पण जबाबदारी आहे, असे आमचे उत्तर आहे. आणि ते कशावरून, हे पुढील हकीकतीवरून कळेल.

काही वर्षांपूर्वी आमची एक जुनी विद्यार्थिनी आमच्याकडे आली. ती एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात होती. बडोदे संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण या विषयावर ती प्रबंधिका लिहीत होती आणि तिचे दुसरे प्रकरण परत आले होते. वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली जे नियम केले, त्यांनुसार प्रबंधातील मजकुराचे अन्य लेखनाशी असलेले साम्य यंत्राने तपासले जाते. शेकडा दहापर्यंत साम्य क्षम्य मानतात; दहा ते चाळीस असल्यास सहा महिन्यांच्या आत लेखन सुधारून द्यावे लागते; चाळीस ते साठ असल्यास वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही; आणि साठाच्या वर गेल्यास नावनोंदणीच रद्द होते. हिच्या प्रकरणात साम्य शेकडा चौतीस निघाले होते. मुलगी रडत नव्हती, पण तिचा आवाज बसला होता. “सर, मी चोरी केलेली नाही,” एवढेच ती दोनदा म्हणाली.

तिची टिपणवही आम्ही पाहावयास मागितली. अक्षर सुरेख होते. पानेच्या पाने भरलेली होती. त्यातील एका परिच्छेदावर बोट ठेवून आम्ही विचारले, “हे वाक्य कोणाचे?” ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आठवत नाही.” ग्रंथकाराची वाक्ये, ग्रंथकाराने दुसऱ्याची म्हणून दिलेली वाक्ये, आणि मध्येच कोठे तरी तिने स्वतः जुळविलेली वाक्ये अशी सारी एका शाईत, एका ओळीत, एकापुढे एक लिहिलेली होती. आठ महिन्यांनी त्या वहीवरून प्रकरण लिहावयास बसल्यावर तिच्या हातून जे झाले, ते चोरी नव्हे. पण यंत्राला हेतू दिसत नाही, आणि खरे पाहता परीक्षकालाही तो दिसत नाही.

ती गेल्यावर आम्हांस आठवण झाली ती तिच्या दहावीच्या वर्गाची. “उत्तर पुस्तकाच्याच भाषेत लिहा, म्हणजे गुण कापले जाणार नाहीत,” हे वाक्य त्या वर्गात कितीदा उच्चारले गेले असेल याची गणती नाही, आणि उच्चारणाऱ्यांत आम्ही होतो. जी गोष्ट पंधराव्या वर्षी शाबासकीस पात्र ठरविली, तिच्यासाठीच बाविसाव्या वर्षी त्या मुलीस शासन झाले. मधल्या सात वर्षांत नियम बदलला आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम वाचनाविषयी. मराठी घरातून येणाऱ्या बडोद्यातील विद्यार्थ्याची स्थिती थोडी निराळी असते. घरी मराठी, रस्त्यावर व मित्रमंडळीत गुजराती, आणि विद्यापीठात इंग्रजी. कारण येथील विद्यापीठाच्या अध्यापनाची भाषा स्थापनेपासून इंग्रजी आहे. असा विद्यार्थी वीस पानांचा इंग्रजी लेख हाती घेतो तेव्हा पहिल्या वाक्यापासून आरंभ करतो, कठीण शब्दापाशी थांबतो, कोश पाहतो, पुन्हा वाक्याच्या आरंभी येतो. चौथ्या पानावर रात्र संपते. मग तो ज्या वाक्यांवर पेन्सिलीने रेघ ओढली ती वहीत उतरवून घेतो आणि आपण लेख वाचला असे समजतो. येथे भाषेचे अज्ञान हे कारण पुढे केले जाते. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. हाच विद्यार्थी मराठी लेखही याच रीतीने वाचतो. मराठीत शब्द अडत नाहीत, म्हणून रीतीचा दोष लपतो, इतकेच.

लेख कसा वाचावा याचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे नाही. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी सहा गमके सांगितली आहेत: उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी या गमकांचे विवरण केले आहे आणि गीतेवरील निरनिराळ्या भाष्यकारांची मते त्यांच्या कसोटीस लावली आहेत. वादात उतरण्यापूर्वी ग्रंथ कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे पाहावे, ही त्यातील साधी गोष्ट विद्यापीठातील विद्यार्थ्यास आम्ही प्रथम सांगतो.

त्या मुलीने आणलेल्या एका लेखावर आम्ही दोघांनी हा प्रयोग केला. लेखाचा उपक्रम बडोद्याच्या गौरवाने झाला होता: १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ साली सर्व संस्थानास लागू झालेला कायदा, मुलांस सात ते बारा व मुलींस सात ते दहा वर्षांपर्यंत शाळेत पाठविण्याचे बंधन, वगैरे. उपसंहार पाहिला, तर तेथे पालकांकडून वसूल झालेल्या दंडाची चर्चा. एवढ्यावरूनच लेखकाचा रोख गौरवाकडे नसून अन्यत्र आहे, अशी शंका आली. मग अभ्यास पाहिला. (मीमांसेत अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, आपण मराठीत या शब्दाचा जो अर्थ करतो त्यात पुनरुक्तीच तेवढी उरली आहे, हा भाषेचा विनोद म्हणावा.) ‘हजेरी’ या अर्थाचा शब्द लेखात पानोपानी येत होता, ‘कायदा’ हा शब्द मात्र मधल्या पानांत जवळजवळ नव्हता. अपूर्वता म्हणजे या लेखकाने पूर्वीच्यांहून नवे काय सांगितले. फल म्हणजे त्याचे म्हणणे मान्य केल्यास पुढे काय प्राप्त होते. उपपत्ती म्हणजे त्याने दिलेली प्रमाणे. आणि स्तुती, निंदा, प्रास्ताविक, उदाहरणांचा फुलोरा हा सारा अर्थवाद. मुलीच्या वहीत उतरलेला मजकूर तपासला, तो बहुतांशी अर्थवादच निघाला. तो सोपा असतो, सुंदर असतो, आणि म्हणून त्याच्याखाली रेघ ओढली जाते. ज्या दोन पानांत लेखकाचे प्रमाण होते, ती पाने तिने आकडे आहेत म्हणून सोडून दिली होती.

या रीतीने लेखाचा पहिला फेरा अर्ध्या तासात होतो. त्यात एकही शब्द कोशात पाहावयाचा नाही. दुसऱ्या फेऱ्यात फक्त उपपत्तीची पाने सावकाश वाचावयाची, आणि त्या पानांवरील शब्द मात्र एकही सोडावयाचा नाही.

एका शब्दाने काय होते, याचे उदाहरण बडोद्याच्या विद्यार्थ्यास दूर शोधावयास नको. येथील विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांचे नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिलेले आहे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या मसुद्याच्या कामात हंसाबेन भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. त्यात स्त्रिया अंतर्भूत आहेतच, असे म्हणून तो शब्द खपून गेला असता. हंसाबेनांनी हरकत घेतली आणि तेथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे झाले. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात बसून शब्दावरून नुसती नजर फिरविणारे विद्यार्थी पाहिले की आम्हांस ही गोष्ट सांगावीशी वाटते.

आता टिपणांविषयी, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहो, कारण आमच्या अनुभवात सगळा बिघाड येथे होतो.

परदेशात या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकेतील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली अभ्यासाची एक पंचपदी सांगितली: पाहणी, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी. तीतील चौथे पद आमच्या दृष्टीने मोलाचे. कथन म्हणजे पुस्तक मिटून, वाचलेले आपल्या शब्दांत सांगणे. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांची टिपणांची रीतही प्रसिद्ध आहे: कागदाच्या डाव्या अंगास रुंद समास सोडावयाचा, त्यात नंतर प्रश्न वा सूचक शब्द लिहावयाचे, आणि तळाशी दोन ओळींत सार. ज्ञानकोशकार केतकरांनी १९११ साली याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. पॉक यांची रीत त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली, तरी दोन्ही नावे एकत्र आठवतात खरी. समास सोडण्याची गोष्ट तर आपल्याकडे त्याहूनही जुनी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात समर्थांनी पानाच्या भोवती कोरी जागा ठेवावयास सांगितले आहे. समर्थांचा हेतू कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाऊ नये, असा होता. विद्यार्थ्याने ती जागा आपल्या शंकेसाठी राखावी.

आम्ही मुलांना वही सोडून चिठ्ठ्यांवर लिहावयास लावतो. बडोद्यात चिठ्ठीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून येथे मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी करविली, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढला, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या. त्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एका वस्तूस एक चिठ्ठी हेच तत्त्व होते. विद्यार्थ्यानेही एका विचारास एक चिठ्ठी वापरावी. माथ्यावर ग्रंथ व पृष्ठांक प्रथम लिहावा, मजकूर नंतर. पृष्ठांक मागाहून घालू म्हणणाऱ्याचा पृष्ठांक कधीच घातला जात नाही.

चिठ्ठ्या तीन प्रकारच्या. पहिलीवर ग्रंथकाराचे शब्द, जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, निळ्या शाईने. दुसरीवर ग्रंथकाराचे म्हणणे, पण आपल्या शब्दांत, काळ्या शाईने. तिसरीवर आपले मत, आपली शंका, पेन्सिलीने. दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी लिहिताना पुस्तक मिटलेले असावे, हा एकच नियम आम्ही कडकपणे पाळावयास लावतो. पुस्तक उघडे ठेवून आपल्या शब्दांत लिहावयास बसलेला विद्यार्थी ग्रंथकाराच्या वाक्यातील दोनचार शब्द बदलतो, क्रियापद इकडचे तिकडे करतो आणि ते आपले झाले असे मानतो. यंत्र असल्या वाक्यास चटकन पकडते. आणि न पकडले तरी विद्यार्थ्यास विषय समजलेला नसतो, हे नुकसान कोणत्याच नियमात मोजलेले नाही. पुस्तक मिटल्यावर जे सांगता येत नाही ते कळलेले नाही, असे समजून पुन्हा उघडावे. पहिल्या आठवड्यात मुले या नियमाने रडकुंडीस येतात. एका चिठ्ठीस वीस मिनिटे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ती पाच मिनिटांवर येते.

आमच्या विद्यार्थिनीने चौथी एक वही स्वतःच्या बुद्धीने केली, आणि तिचे श्रेय आम्हांस नाही. १९३१ साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्यात एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय ओळीने मांडलेले आहेत. तो आम्ही तिला सहज दाखविला होता. तिने आपल्या विषयातील तीसएक संज्ञा घेऊन तीन रकान्यांची वही केली: इंग्रजी, मराठी, गुजराती. एका संध्याकाळी ती धापा टाकीत आली आणि म्हणाली, “सर, मराठीत आपण सक्तीचे शिक्षण म्हणतो. गुजरातीत फरजियात केळवणी म्हणतात.” आम्ही म्हटले, “मग?” ती म्हणाली, “सक्तीत जोर आहे. फरजियातमध्ये फरज आहे, म्हणजे कर्तव्य. एक सरकारकडून येते, एक आपल्याकडून. त्या पालकांनी यातले काय ऐकले असेल?”

दोन्ही शब्द फारसी-अरबीतून आलेले, दोन्ही या शहरात रोज ऐकू येणारे. इंग्रजी लेखात ते दोन्ही एकाच शब्दाखाली झाकले गेले होते. ज्या तीन भाषांमुळे आपण मागे पडतो असे ती मुलगी समजत होती, त्यांनीच तिला तो प्रश्न दिला. इंग्रजी येत नाही म्हणून खाली मान घालणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली ही त्रिरकानी वही सक्तीची (किंवा फरजियात) केली आहे.

लेखनाचा विचार करावयाचा तो येथून पुढे, कारण प्रश्नावाचून लेखन करण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांचे निबंध आम्ही पुष्कळ पाहिले. बडोद्याविषयी काहीही लिहावयाचे असो, प्रत्येक निबंध कवळाण्यास सुरू होतो: महाराजांचा जन्म १८६३ साली झाला, १८७५ साली ते दत्तक आले. लेखकास काही विचारावयाचे नसते, म्हणून तो जन्मापासून आरंभ करतो. शास्त्रकारांचे अधिकरण आठवावे. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, संगती अशी त्याची पाच अंगे. आपल्या विद्यार्थ्यांपाशी विषय असतो आणि एकदम निर्णय असतो. संशय व पूर्वपक्ष मधल्या मध्ये गळतात. संशय एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहिता आला पाहिजे. पूर्वपक्ष असा मांडावा की, तो मानणारा मनुष्य वाचून म्हणेल, “होय, माझे म्हणणे हेच.” दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्यास पाडणे हे कुस्तीच्या आखाड्यातही भूषणावह मानीत नाहीत.

मुलीने आपले प्रकरण पुन्हा लिहिले ते असे. संशय: १९०६ नंतर मुले शाळेत आली ती दंडाच्या भयाने, की गावात शाळा झाली म्हणून? पूर्वपक्ष: कायद्यामुळेच आली. या पक्षास बळ मोठे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचाच दाखला दिला होता. उत्तरपक्षात तिने पूर्ण विरोध केला नाही; जेथे प्रमाण तोकडे पडले, तेथे तसे लिहिले. आम्हांस तो परिच्छेद सर्वांत आवडला.

आराखडा कोणत्या भाषेत करावा, याविषयी मतभेद आहेत. इंग्रजीत लिहावयाचे तर विचारही इंग्रजीतच करावा, असे काही अध्यापक सांगतात. आम्हांस ते पटत नाही. संशय, पूर्वपक्ष आणि प्रमाणांचा क्रम विद्यार्थ्याने ज्या भाषेत तो भांडू शकतो त्या भाषेत मांडावा. वाक्ये मात्र मराठीत लिहून मग त्यांचे भाषांतर करू नये. तसे केल्यास कर्ता आरंभी, क्रियापद शेवटी आणि मध्ये तीन ओळींचा पसारा, अशी इंग्रजी जन्मास येते. आराखडा मराठीत व वाक्य इंग्रजीत, हा मार्ग आम्हांस उपयोगी पडला आहे. आणखी एक खोड दोन्ही भाषांत सारखीच दिसते: ‘असे मानले जाते’, ‘असे म्हटले जाते’. अशा प्रत्येक वाक्यावर आम्ही तांबड्या शाईने एकच शब्द लिहितो, ‘कोण?’ नाव लिहिता आले तर वाक्य राहते, नाही तर जाते. एका प्रकरणातून अशी अकरा वाक्ये गेली आणि प्रकरण सुधारले.

हल्ली आज्ञा करताच निबंध लिहून देणारी यंत्रे आली आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस वारंवार विचारले जाते. त्यांना हात लावू नका असे सांगणे व्यर्थ आहे. आम्ही इतकेच करावयास सांगतो की, यंत्राकडून सार मागण्यापूर्वी आपले सार चिठ्ठीवर लिहावे आणि मग दोन्ही मूळ लेखाशी ताडून पाहावीत. यंत्र उपक्रम व अर्थवाद फार सफाईने सांगते. उपपत्तीत कधी कधी नसलेला ग्रंथ आणि नसलेले पान दाखविते. आपल्या उत्तरपक्षावर हरकती काढावयास त्यास सांगितले तर ते बरा पूर्वपक्षी होते. लेखनिक म्हणून त्यास बसविले, तर ती नेल्सनच्या चरित्रावरील टिपणेच होत.

प्रकरण चार महिन्यांनी पुन्हा सादर झाले व मान्य झाले. त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर सातआठ जुने विद्यार्थी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमतात. तेथील टेबले चिठ्ठ्या पसरावयास सोयीची आहेत. दोघे वाणिज्यशाखेचे आहेत, एक अभियंता होऊ घातलेला आहे, आणि त्याच्या अहवालांची अवस्था इतिहासाच्या प्रबंधिकेहून वेगळी नाही. गेल्या खेपेस त्याने विचारले, पुस्तक तीनदा मिटले, तीनदा उघडले, तरी ग्रंथकाराच्या वाक्याहून वेगळे वाक्य सुचतच नाही, तर काय करावे? आमची विद्यार्थिनी शेजारीच बसली होती. तिने निळे पेन त्याच्यापुढे सरकविले आणि म्हणाली, “मग ते त्याचेच वाक्य आहे. पानाचा आकडा आधी लिही.”